बाहेर पडल्यापासून आत शिरेपर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना साहेबांनी आज मला माझ्या नोकरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम दिलं. निदान साहेब तरी तसं म्हणाले. जिन्यांचे कठडे मोजायला पाठवलं होतं तेव्हाही ते हेच म्हणाले होते, पण या वेळी ते मला स्वतःलाच पटलंय. म्हणून ही कोरी वही काढली. उद्या कोणी विचारलं तर सगळं तारीखवार हाताशी असावं.

काम असं. जुन्या मेट्रोचं ग्रंथालय स्टेशन आणि नव्या मेट्रोचं बाजार स्टेशन एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण बांधली तेव्हा दोन्ही कंपन्या एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. एका घरात दोन जावांनी दोन चुली मांडाव्यात, तशी ही दोन स्टेशनं. आता कंपन्या एक झाल्या, तरी मधे भुयार खणायला दहा वर्षं जातील. तोवर वरच्या रस्त्यानेच जोडायचं ठरलंय. प्रवाशाने एकीकडे कार्ड लावून बाहेर पडायचं, चालत जायचं, दुसरीकडे कार्ड लावून आत शिरायचं, आणि हा सगळा एकच प्रवास धरायचा. दुसऱ्यांदा तिकीट पडणार नाही. मात्र त्याला मुदत हवी. मुदतीत आत शिरला तर प्रवास चालू, उशीर झाला तर नवा प्रवास. ही मुदत किती मिनिटांची, ते मी सांगायचं.

वेळापत्रक विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ. घरी आल्यावर हिला सांगितलं. ती म्हणाली, मुदत जरा सैल ठेवा. हिला हल्ली सगळंच सैल लागतं, चपलांपासून वेळेपर्यंत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात मिनिटं दहा सेकंद. ग्रंथालयच्या गेटपासून बाजारच्या गेटपर्यंत, स्टॉपवॉच हातात धरून, स्वतः चालून. अठ्ठावीस पायऱ्या वर, मग शाळेच्या लांबलचक भिंतीच्या कडेने फूटपाथ, पुढे किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, सिग्नल, पलीकडे कापडाचं दुकान, आणि एकतीस पायऱ्या खाली. सिग्नलला अठ्ठेचाळीस सेकंद गेले, ते माझ्या हातात नव्हते. किल्लीवाल्याने फूटपाथवर एक स्टूल मांडून ठेवलाय, त्याला वळसा घालताना चार सेकंद गेले. तेही लिहून ठेवलेत.

मी नाकापुढे चालणारा माणूस आहे आणि भराभर चालणारा. ऑफिसात मला मागून ‘काटा’ म्हणतात, मला माहीत आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. काटा चालतो म्हणून बाकीच्यांना वेळ कळते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी माझ्या जोडीला गेट विभागातली एक बाई दिली आहे. पस्तिशीची असेल, चष्मा, बोलणं तोलूनमापून. तिला सगळे गेटबाई म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते. तिचं म्हणणं, चालून बघण्याची गरजच नाही. कार्ड एका गेटवर बाहेर पडल्याची आणि दुसऱ्या गेटवर आत शिरल्याची वेळ यंत्रात आपोआप नोंदली जाते. ऑक्टोबरपासून दोन्हीकडे एकच यंत्र आहे. म्हणजे तेव्हापासून जे कोणी या रस्त्याने गेले, त्या सगळ्यांची मिनिटं तिच्याकडे आहेत. नाव नाही, फक्त कार्डाचे शेवटचे काही आकडे आणि प्रकार.

मी म्हटलं, यंत्राला माणूस कसा चालतो ते काय कळणार. ती म्हणाली, यंत्राला तेवढंच कळतं. जरा आगाऊच आहे. पण तिच्या कागदावर बहुतेक लोक आठ ते अकरा मिनिटांत पोहोचतात असं दिसलं, म्हणजे माझा अंदाज काही चुकलेला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

बऱ्याच दिवसांनी हिच्याबरोबर बागेत गेलो. फाटकाच्या आतच पहिला बाक आहे, तिथे ती बसली आणि म्हणाली, तुम्ही या फेऱ्या मारून. मी तीन फेऱ्या मारल्या, साडेएकवीस मिनिटांत. परत आलो तेव्हा ती त्याच बाकावर, जरा पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून बसली होती. शेजारच्या बाईशी छान गप्पा चालल्या होत्या. हिचा स्वभाव पहिल्यापासूनच गप्पिष्ट. तिला चालण्यापेक्षा माणसं आवडतात. दोघांचाही रविवार मजेत गेला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गेटबाईबरोबर बसून यादी चाळली. पंधरा मिनिटांच्या वर वेळ लावणारी त्रेसष्ट कार्डं निघाली. आमच्या कामात अशांना रेंगाळणारे म्हणतात. कोणी चहा पीत बसतो, कोणी दुकानात शिरतो. ही माणसं हिशेबात धरली तर सरासरीचा विचका होतो, म्हणून ती गाळायची. मी त्रेसष्टच्या त्रेसष्ट गाळली.

त्यातलं एक मात्र फार गमतीचं. हे कार्ड फक्त गुरुवारी दिसतं. अकराच्या सुमाराला ग्रंथालयला बाहेर पडतं, आणि मग स्वारी कुठे रमते कोण जाणे. ऑक्टोबरात नऊ मिनिटं, नोव्हेंबरात अकरा, डिसेंबरात तेरा, जानेवारीत सोळा आणि कालच्या गुरुवारी एकोणीस. दिवसेंदिवस लाडावत चाललेला गडी. मी त्याचं नाव ठेवलं गुरुवारकर. गेटबाई हसली नाही. तिने फक्त सांगितलं की कार्डाचा प्रकार ‘कर्मचारी-कुटुंब’ आहे, म्हणजे आपल्यापैकीच कोणाच्या तरी घरचं. मी लगेच दुरुस्ती केली: सौ. गुरुवारकर.

गेटबाई म्हणाली, हवं असेल तर कार्ड कोणाचं ते रीतसर परवानगी काढून बघता येईल. मी म्हटलं, कशाला उगीच कोणाच्या संसारात डोकवायचं?

१४ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना हिला सौ. गुरुवारकरांची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. कापडाच्या दुकानात कशी प्रत्येक ठाण उलगडून बघत असेल, आणि तिचा नवरा बिचारा आपल्याच ऑफिसात मान खाली घालून बसत असेल. ही आधी हसली. मग म्हणाली, "असेल कोणाची तरी बायको." मग पाणी आणायला उठली आणि बराच वेळ ओट्यापाशीच उभी राहिली.

हिला स्वतःला असल्या दुकानांचा नाद नाही, हे एक बरं आहे. दर गुरुवारी आपल्या ताईकडे जाते तेवढंच. तिथे घरासमोरून थेट बस आहे, कुठे चढउतार नाही की बदलाबदली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रस्त्यातले अडथळे काढण्याचा दिवस. माझ्या यादीत पाच होते: दोन फुटक्या फरशा, एक झुकलेला खांब, भिंतीलगतची एक कुंडी आणि किल्लीवाल्याचा स्टूल. पालिकेचे दोघं आले आणि तासाभरात सगळं साफ केलं.

किल्लीवाल्याने थोडी कुरकुर केली. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. म्हणाला, "साहेब, स्टूल मला लागत नाही. बसणारी माणसं आहेत." मी त्याला समजावलं की फूटपाथ चालण्यासाठी असतो, बसायला घरं आहेत. त्याने स्टूल आत घेतला आणि कानस घासत बसला.

परत चालून बघितलं. सात मिनिटं सहा सेकंद.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल ही ताईकडून आली ती तळहात खरचटून. म्हणाली, पायरीवर पाय घसरला. मी मलम लावलं आणि त्या ढगळ चपला टाकून दे म्हणून बजावलं. तिने मान डोलावली. फार वेदना नसाव्यात, कारण एरवी थोडं कापलं तरी घर डोक्यावर घेते, काल अगदी गप्प होती.

ऑफिसात सौ. गुरुवारकरांनी कमाल केली. सत्तावीस मिनिटं! रस्ता मोकळा झाला, सगळ्यांची मिनिटं थोडी थोडी कमी झाली, आणि या बाईंची एकदम आठने वाढली. मी गेटबाईला म्हटलं, बघा, रेंगाळणाऱ्याला मोकळा रस्ता दिला की तो आणखी रेंगाळतो. गेटबाईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली की तिला तसं वाटत नाही. मग काय वाटतं, ते मी विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुदत बारा मिनिटं. आज कागदावर सही केली. सोमवारपासून चाचणी, महिनाभराने कायम.

गेटबाईचा आणि माझा खटका उडाला. कधी नव्हे ती ठामपणे बोलली. तिचं म्हणणं, त्रेसष्ट माणसं एकाच कारणाने रेंगाळत नसतात, आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनाच गाळून मुदत काढली तर ती मुदत मुळात कोणासाठी? मी म्हटलं, मुदत ही चालणाऱ्यांसाठी असते. ती म्हणाली, "गाळलेल्यांपैकी एकाला तरी एकदा बघून या. मग मी परत बोलणार नाही."

एकतीस वर्षांत माझ्या आकड्यावर कोणी असं बोट ठेवलं नव्हतं. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. बघून यायला माझी काही हरकत नाही. येत्या गुरुवारी चौकात जाऊन सौ. गुरुवारकरांचं दर्शन घेतो आणि या बाईचं तोंड कायमचं बंद करतो.

५ मार्च, गुरुवार

लिहावं की नाही, यात दुपार गेली. लिहितो.

पावणेअकराला कापडाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. तिथून सिग्नल, किल्लीवाला आणि शाळेची भिंत पार टोकापर्यंत दिसते. अकरा वाजून सहा मिनिटांनी पलीकडच्या जिन्यातून घोळका वर आला आणि मी घड्याळ सुरू केलं. बायका बऱ्याच होत्या. एक पिशवीवाली फोनवर बोलत सावकाश येत होती, मला वाटलं हीच. पण ती चार मिनिटांत सिग्नलला पोहोचली.

घोळका ओसरल्यावर जिन्याच्या तोंडाशी आमची ही दिसली. माझ्या मनात आलं, ही इथे कशी? नंतर वाटलं, बरं झालं, दोघं मिळून चहा घेऊ. हात वर केला सुद्धा असेल. मग ती चालायला लागली आणि माझा हात खाली आला.

भिंतीला एक हात लावून ती वीस-पंचवीस पावलं चालली. थांबली. पुढे वाकली, दोन्ही हात मांड्यांवर टेकून. एखाद्याने काही पडलेलं शोधावं तशी. मागून येणारे तिला वळसा घालून गेले. मग पुन्हा पंधरा-वीस पावलं. पुन्हा वाकली. किल्लीवाल्याच्या टपरीसमोर ती आली, जिथे स्टूल असायचा त्या जागेकडे तिने बघितलं आणि टपरीच्या फळीला धरून उभी राहिली. तो आतून काहीतरी बोलला. ती हसून नको म्हणाली असावी. सिग्नल तिच्यासाठी दोनदा हिरवा झाला आणि दोनदा लाल. तिसऱ्या वेळी ती निघाली आणि रस्त्याच्या मध्यावर असताना लाल झाला. एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

मी जागचा हललो नाही. का, ते मला सांगता येत नाही. पाय होते, रस्ता माझा होता, प्रत्येक फरशी मला माहीत होती. ती माझ्यापासून दहा हातांवरून बाजारच्या जिन्याकडे गेली. मी मागून, बऱ्याच अंतराने उतरलो. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती एकेक पायरी आडव्या पावलाने उतरत होती. गेटवर तिने कार्ड लावलं. पाटीवर अक्षरं आली: ‘नवा प्रवास’. तिने ती वाचली आणि आत गेली.

एकतीस मिनिटं. घड्याळ माझ्या हातात चालूच होतं.

६ मार्च, शुक्रवार

ऑफिसला गेलो. गेटबाईने काही विचारलं नाही. मीच सांगितलं की बघून आलो, आणि कार्ड कोणाचं आहे तेही सांगितलं. मग तिने उठून माझ्यासाठी पाणी आणलं. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी बघेल. तसं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

घरी आल्यावर हिला काय बोलू ते सुचेना. ती उठली की मी तिच्या पायांकडे बघत होतो. खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ती कपाटाला, मग दाराच्या चौकटीला, मग ओट्याला हात लावते. अगदी सहज, कोणाच्या लक्षात येणार नाही असं. कपाटाच्या कडेचा रंग तिथे उडालाय. तो दिवाणखान्याच्या मागच्या रंगकामानंतर उडाला हे मला माहीत होतं. कशाने, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

८ मार्च, रविवार

सकाळी चहा झाल्यावर म्हटलं, गुरुवारी मी चौकात होतो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "कापडवाल्याच्या पायरीवर."

तिने मला बघितलं होतं. हाक का मारली नाहीस, असं मी विचारलं.

"तुमच्या हातात घड्याळ होतं. मला वाटलं, कामात आहात."

मला रडू आलं. तिच्यासमोर मी शेवटचा कधी रडलो आठवत नाही, आईच्या वेळी असेन. ती उठून माझ्याजवळ आली नाही, बसूनच राहिली, आणि मला तेच बरं वाटलं. मग तिने सगळं सांगितलं, हळूहळू, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. चालायला लागलं की थोड्या वेळात कमरेपासून खाली मुंग्या येतात, पाय आपले नाहीत असं वाटतं. वाकलं किंवा बसलं की दोन मिनिटांत उतरतं. बसची पायरी उंच पडायला लागली म्हणून ऑक्टोबरपासून ती मेट्रोने जाते. हे तिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो होतो. तिकडे ग्रंथालयपासून बाजारपर्यंत चालावं लागतं, पण मधे किल्लीवाल्याचा स्टूल होता, त्यामुळे निभत होतं.

स्टूल कोणी काढला, ते तिला माहीत होतं. किल्लीवाल्याने वर्णन केलं तसा माणूस घरात एकच आहे.

जानेवारीत तिची ताई तिला आपल्या भागातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. मणक्यातली शिरांची वाट अरुंद झालीय म्हणाल्या. दोन मार्ग आहेत. हळूहळू वाढत असेल तर व्यायाम करून थांबता येतं. भराभर वाढत असेल तर ऑपरेशन लवकर करावं लागतं, नाहीतर गेलेली ताकद परत येत नाही. त्यासाठी चालण्याची नोंद ठेवा, दोन महिन्यांनी दाखवा, असं त्यांनी सांगितलं होतं. हिने नोंद ठेवली नाही. म्हणाली, "आज किती पावलं चालता आलं नाही, हे रोज लिहायला बसलं की दिवसच वाईट जातो."

मला का नाही सांगितलंस, हे विचारायचं मी टाळत होतो. शेवटी विचारलंच. ती म्हणाली, सांगणार होते, त्या जेवणाच्या वेळी तर अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही सौ. गुरुवारकरांच्या गोष्टीत इतके रंगात आला होतात.

येत्या गुरुवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. थांबायचं की ऑपरेशन करायचं, ते त्या दिवशी ठरणार.

९ मार्च, सोमवार

ऑफिसला जाण्याआधी किल्लीवाल्याकडे गेलो आणि माफी मागितली. त्याने कानस खाली ठेवली आणि आतून स्टूल काढून होता तिथे ठेवला. म्हणाला, त्या बाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, माझी बायको आहे. तो म्हणाला, "मग ते सात मिनिटंवाले तुम्हीच. सांगायच्या त्या, माझे मिस्टर हा रस्ता सात मिनिटांत जातात. कौतुकाने सांगायच्या."

तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

ऑफिसात गेटबाईला डॉक्टरांची आणि न ठेवलेल्या नोंदीची गोष्ट सांगितली. दुपारी तिने एक अर्ज आणून दिला. कार्ड ज्याचं, त्याने स्वतः सही केली तर त्याला आपल्या प्रवासाची सगळी नोंद मिळते. हिची सही घेऊन या, म्हणाली. कशासाठी ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. या बाईला मी आगाऊ म्हणत होतो.

११ मार्च, बुधवार

बैठक. मी बारा मिनिटांचा कागद परत मागितला आणि चाळीस लिहिले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. लोक बाजार करून येतील आणि फुकट आत शिरतील, म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्यात. ते म्हणाले, बारा तुम्हीच सही करून दिलेत, मग मधल्या दहा-बारा दिवसांत रस्ता लांबला का?

मी उभा राहिलो. बैठकीत उभं राहण्याची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणालो, "साहेब, मी ते माझ्या पायांनी मोजलं होतं. ज्यांना वेळ लागला त्यांना मी बघितलंही नाही. त्यांतली एक माझ्या घरची आहे."

मग गेटबाईने त्रेसष्ट कार्डांचा तक्ता फिरवला. ज्येष्ठांच्या सवलतीची सव्वीस, अपंगांची अकरा. पाच कार्डं अशी की जी नेहमी शाळा सुटायच्या वेळी येतात, बहुधा लहान मुलांना हाताला धरून. मी हे प्रकार पहिल्या दिवशीही बघू शकलो असतो. शेजारच्याच रकान्यात होते.

घासाघीस होऊन पंचवीस मिनिटं ठरली. चौकात हिरव्या दिव्याचा वेळ वाढवायला पालिकेला पत्र जाणार. त्रेसष्टांपैकी चोपन्न यात बसतात. ही बसत नाही. सहा मिनिटांनी हरलो असं हिला सांगितलं, तर म्हणाली, चोपन्न म्हणजे कमी नाहीत. आणि उद्याची फाइल कपाटात आहे ती आठवणीने घ्या.

१२ मार्च, गुरुवार

दोघं मिळून गेलो. जाताना रिक्षा केली, दारापासून दारापर्यंत.

डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील, केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांनी हिला टाचांवर, मग चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. डाव्या टाचेवर तिला राहता येईना. मग त्यांनी विचारलं, नोंद आणलीत का? हिने माझ्याकडे बघितलं आणि मी तक्ता पुढे ठेवला. दोन ऑक्टोबरपासूनचा प्रत्येक गुरुवार, बाहेर पडल्याची वेळ, आत शिरल्याची वेळ, मिनिटं. शेवटच्या तीन आकड्यांवर मी लाल खूण केली होती आणि बाजूला लिहिलं होतं की यातली काही वाढ वाटेतलं बसायचं साधन काढल्यामुळे आहे.

डॉक्टरांनी पेन्सिलीने एकेका ओळीवरून हात फिरवला. खालपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. म्हणाल्या, लाल खुणांच्या आधीचेच आकडे पुरेसे आहेत. व्यायामावर थांबण्याइतकं हे सावकाश नाही. आता पाऊल उचलण्याची ताकद जायला लागलीय, अजून दोन-तीन महिने गेले असते तर ती परत आणणं अवघड होतं. याच महिन्यात ऑपरेशन करू. चोवीस तारीख त्यांनी तिथेच लिहिली. हिने ‘चालेल’ म्हटलं, बाजारहाटाचा दिवस ठरवावा इतक्या शांतपणे, आणि टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इतकी नेमकी नोंद माझ्याकडे कोणी आणलेली नाही. बायकोकडे एवढं बारीक लक्ष ठेवणारे नवरे मी फार कमी बघते."

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. ही माझ्या आधी बोलली. "त्यांचं कामच आहे ते," म्हणाली.

डॉक्टर हसल्या. तक्त्याच्या डोक्यावर पेन्सिल टेकवून त्यांनी मलाच विचारलं, हे ऑक्टोबरपासूनचं झालं. पण मुळात कधी सुरू झालं?

मी आठवून बघितलं. बागेतला बाक, कपाटाची कड, ढगळ चपला, मागे पडणारी तिची पावलं, काही म्हणता काही मला तारखेला बांधता येईना. डॉक्टर वाट बघत होत्या.

"दोन वर्षं झाली," ही म्हणाली.

डॉक्टरांनी ते तक्त्याच्या वर, ऑक्टोबरच्या ओळीच्या आधी, जागा करून लिहून घेतलं.